काले मळीए

बडोद्यात हा घोळ जुनाच आहे.
मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला.
गुजरातीत काले म्हणजे गेलेला आणि येणाराही.
चौथीत असताना किराणा दुकानात मी शिकले
की शब्द कानावर पडला म्हणून निघायचं नाही,
क्रियापद येईपर्यंत थांबायचं.

टीममध्ये क्रियापदं सहसा येत नाहीत.
ठीक. बघितलं. उद्या.
नाहीतर नुसता अंगठा.
मारेक ग्दान्स्कला, ओतिलिया कुरितिबाला,
केतुल पांचाळ मकरपुऱ्यात,
आणि मी दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर.
खाली तबले दुरुस्तीचं दुकान आहे.
माझा माइक उघडा राहिला
की हातोडीची टकटक अटलांटिक ओलांडते
आणि ओतिलिया विचारते,
आज लागला का सूर?

त्या गुरुवारी रात्री
(गुरुवारी की शुक्रवारी? तेच तर.)
बारा वाजून वीस मिनिटांनी केतुलनं लिहिलं,
उद्या सकाळी स्क्रिप्ट चालवतो.
लिहिलं आणि आडवा झाला.
माणूस झोपेपर्यंत त्याचा आजचा दिवस चालूच असतो,
कॅलेंडर काही म्हणो.

मी सहाला उठले. दूध गॅसवर, फोन हातात.
निरोपावर तारीख शुक्रवारची,
म्हणजे याचा उद्या शनिवार.
शनिवारपर्यंत कोण थांबणार?
मीच चालवली.
आणि कळवायचं,
तर दूध उतू गेलं, ओटा पुसण्यात ते राहिलं.

नऊ वाजता केतुल उठला
आणि दिल्या शब्दाला जागला.

एकशे चौऱ्याऐंशी ऑर्डरी दुप्पट.
पोर्तोमधल्या कुणा बाईंच्या दारात दोन शिड्या.
एका शाळेनं चाळीस पृथ्वीगोल मागवले होते,
गोदामातून ऐंशी निघाले.

दुपारी कॉल. चार चौकोन, चारही माइक बंद.
खोलीतली शांतता ओळखता येते,
कोण खुर्चीत सरकतंय, कोण पेन टिचकवतंय.
ही ओळखता येत नाही.
केतुलचा चेहरा मध्येच थिजला, ओठ अर्धे उघडे.
चिडलाय की नेट गेलंय,
मी त्या थिजलेल्या चेहऱ्याची माफी मागत बसले,
माझाही माइक बंद होता.

मग मारेकचा सुरू झाला, मागे समुद्रपक्ष्यांचा कालवा.
मला तर शुक्रवारच वाटला, तो म्हणाला.
निरोप पोचला तेव्हा त्याच्याकडे
गुरुवारचे नऊ वाजायला दहा मिनिटं होती.
पावणेसहा हजार किलोमीटर नीट गेलेला शब्द
आठ किलोमीटरवर चुकला.
मकरपुरा ते दांडिया बाजार, रिक्षाने जेमतेम अर्धा तास.

तेव्हापासून उद्या लिहायला बंदी.
तारीख लिहायची, ग्रिनिचचा तास लिहायचा,
काम झालं की झालं म्हणायचं.
बरं चाललंय. दोनदा काही घडत नाही.
ओतिलिया एवढंच म्हणाली,
आमच्याकडे उद्या म्हणजे आज नाही, इतकंच असतं,
आता आज नाही कसं म्हणू?
त्यावर तीन अंगठे आले.

शनिवारी संध्याकाळी सुरसागरच्या कडेला
सेवउसळच्या लारीवर केतुल भेटला.
दोन महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण उंचीचा,
मला वाटलं होतं त्याहून बुटका.
स्क्रिप्टचा विषय कुणी काढला नाही.
त्यानं लिंबू पिळलं, माझ्याही वाटीत,
विचारल्याशिवाय.
मी हात धुऊन आले आणि पैसे पाठवले.
तोवर त्यानंही पाठवलेले.
लारीवरच्या डब्यानं खणखणीत आवाजात
एकच रक्कम दोनदा पुकारली.
केतुल माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे,
आणि लारीवाला वैतागून म्हणाला,
तुम्ही दोघं आपसात बोलत नाही का?

त्यानं एकाचे परत केले, कुणाचे ते बघितलं नाही मी.
केतुलनं स्कूटरला किक मारली.
काले मळीए, म्हणाला.
उद्या तर रविवार.
हो, म्हटलं.